फेडरल बेंच, व्हाया यिशुन

३ जुलै २००५, रविवार

आयुष्याला दिशा मिळाली. जेवणानंतर, आडवा पडलो असताना.

पेपरात बातमी: अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक जागा रिकामी झाली. सहज म्हणून नेटवर वाचत गेलो आणि ताडकन उठून बसलो. अमेरिकेच्या राज्यघटनेत फेडरल जज होण्यासाठी एकही अट नाही! वयाची नाही. वकिलीच्या पदवीची नाही. नागरिकत्वाचीसुद्धा नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, सिनेटने सल्ला आणि संमती द्यायची, संपलं. मग 'नीट वागतील तोवर' नोकरी. म्हणजे जन्मभर. वर पगार कमी करायचा नाही, असंही तिथेच लिहिलंय.

आणि मी? बीई इलेक्ट्रॉनिक्स, चाळिशीला टेकलेला, इथे परदेशात राहायचा एम्प्लॉयमेंट पास रिन्यू व्हावा म्हणून दर दोन वर्षांनी नवस बोलणारा.

बाबा पुण्याहून दर फोनला सांगतात, प्रबोध, सरकारी नोकरी बघ. बाबा, बघितली.

मधुवंतीला इतक्यात सांगायचं नाही. बायकांना आधी शंका येतात.

४ जुलै, सोमवार

करिअर पाथ आखला. आधी डिस्ट्रिक्ट कोर्ट, मग अपील कोर्ट, मग सुप्रीम. एकदम वर उडी मारणार नाही. माणसाने पायरी ओळखून असावं. डिस्ट्रिक्ट कुठलं तेही ठरवलं: होनोलुलू. हवामान आम्ही राहतो त्या यिशुनसारखंच, स्वेटर घ्यायला नकोत.

ऑफिसात बॉसबाई मिसेस कोह यांनी मीटिंग घेतली. बँकेचं प्रोजेक्ट सप्टेंबरअखेर बंद. प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा जो पास होईल तो नव्या प्रोजेक्टवर. बाकीचे बेंचवर. बेंचवर म्हणजे कामाविना बसून राहायचं आणि एक दिवस जायचं. माझा पास ऑक्टोबरात संपतो. बेंचवरच्या माणसाचा पास कंपनी रिन्यू करत नाही. मधूचा आणि आमच्या लेकीचा, अवनीचा, पास माझ्या पासला लटकलेला, त्यामुळे मी गेलो की तिघंही पुण्याच्या विमानात. अवनीची शाळा अर्धवट.

शेजारच्या डेस्कवरचा रत्नदीप हे ऐकून पांढराफटक पडला. नागपूरचा असून स्वभाव भित्रा. लंच टाइमला जाऊन परीक्षेचं पुस्तकच घेऊन आला. मी त्याला धीर दिला. परीक्षेची तारीख मात्र दोघांनी एकच घेतली, १० सप्टेंबर. अवकाश आहे.

१६ जुलै, शनिवार

घरात जाहीर केलं. जेवताना रीतसर सुनावणी झाली. सिनेट म्हणजे मधू. अवनी अल्पमतातला पक्ष.

मधूने पहिलाच प्रश्न परीक्षेचा विचारला. अभ्यास कुठवर आला म्हणे. तिकडचे उमेदवार देतात तेच उत्तर दिलं: हा विषय पुढे माझ्यासमोर येऊ शकतो, त्यामुळे आज मत देणं उचित होणार नाही. मग तिने विचारलं, लाइटचं बिल भरलंस का? तेच उत्तर दिलं.

अवनी तिच्या इकडच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, बाबा, यू नॉट इव्हन लॉयर, हाऊ कॅन? तिला घटना समजावून सांगितली. ती म्हणाली, देन आय ऑल्सो कॅन बी जज लाह. तात्त्विकदृष्ट्या बरोबर आहे. पण तिला एवढ्यात प्रोत्साहन देणार नाही.

मधू ताटं उचलून आत गेली. सुनावणी चांगली झाली म्हणायची.

३० जुलै, शनिवार

न्यायविषयक विचारसरणी ठरली. मी मूळवादी. घटना लिहिणाऱ्यांच्या मनात शब्दाचा जो अर्थ होता तोच खरा. उलट पक्ष म्हणतो, घटना जिवंत आहे, काळाबरोबर बदलते. थापा आहेत. बदलायला ती काय हवा आहे?

जजला हातोडी लागते. खलबत्त्यातला बत्ता घेतला. पहिल्याच ठोक्याला डायनिंग टेबलच्या काचेला तडा. काच मुळातच हलकी होती.

परीक्षेच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं. 'प्रस्तावना'. पाया पक्का झाला.

९ ऑगस्ट, मंगळवार

इकडचा नॅशनल डे, सुट्टी. दिवसभर अभ्यासाचा संकल्प होता. पण खोलीत कोंडून घेतलेल्या माणसाला न्यायाची दृष्टी येत नाही. रत्नदीपला म्हटलं, पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवू. तो म्हणाला, सातवं प्रकरण चालू आहे. माणसाने इतकंही एककल्ली असू नये.

एकटाच गेलो. बेटावर नेणारी छोटी होडी, बंबोट, भरेपर्यंत धक्क्यावर उन्हात ताटकळलो. बेटावर माझ्यासमोर एका बाईची सायकल एका माणसाच्या सायकलवर धडकली. आवाज चढले. मी मध्ये पडून दोन्ही बाजू ऐकल्या आणि चूक बाईंची असा निकाल दिला. ते नवराबायको निघाले. दोघांनी एकमताने मला चालता हो म्हटलं.

धडा: आधी आपलं कार्यक्षेत्र तपासावं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

व्हाइट हाउसला ईमेल केला. सोबत बायोडेटा. होनोलुलू पसंत आहे पण अडून बसणार नाही, हेही लिहिलं. उत्तर मिनिटभरात! संपर्क साधल्याबद्दल आभार मानलेत. आमच्या ऑफिसात एचआरचं उत्तर यायला आठवडा लागतो.

रत्नदीपला दाखवलं. तो म्हणाला, हे मशीनने पाठवलंय, आणि तू पुस्तक उघड. जळतात लोक.

२३ ऑगस्ट, मंगळवार

मोठी घडामोड. संध्याकाळी इकडच्या मराठी मंडळाच्या उल्काताईंचा फोन. गणपतीच्या कार्यक्रमात ११ सप्टेंबरला उकडीच्या मोदकांची स्पर्धा आहे, जज व्हाल का? 'जज' हाच शब्द. 'परीक्षक' म्हणाल्या असत्या तर कदाचित नाही म्हटलं असतं.

मधूला विचारायला हवं होतं. पण ती घरी नव्हती. सिनेट सुट्टीवर असताना राष्ट्राध्यक्षांना परस्पर नेमणूक करता येते, अशी तिकडे सोय आहे. तिचा आधार घेऊन हो म्हटलं.

मधू हल्ली सारखी बुओना व्हिस्टा भागात जाते. इस्त्री केलेला ड्रेस, हातात फाइल. तिकडे भिशी लावलेली दिसते. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी झालेल्या बाईने भिशीत जीव रमवावा, याचं वाईट वाटतं. पण मी कुणाच्या खासगी गोष्टीत पडत नाही.

आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, बरं. मौन म्हणजे संमती, आणि 'बरं' तर मौनापेक्षा जास्तच.

२ सप्टेंबर, शुक्रवार

फ्रिजमध्ये काळाकुट्ट गूळ सापडला. ढेपही नाही, नुसत्या नळकांड्या. खराब झाला असणार. टाकून दिला. घराकडे माझं लक्ष नसतं असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

मधूने गूळ कुठे गेला विचारलं. सांगितलं. तिने कचऱ्याचा डबा उघडून बघितला. मग पर्स उचलून बाजारात गेली.

८ सप्टेंबर, गुरुवार

परवा परीक्षा, लगेच दुसऱ्या दिवशी मोदक. दोन्हींना न्याय देणं शक्य नाही. जज म्हणून आधी न्याय. परीक्षेची तारीख पुढे ढकलली, ती मिळाली २२ ऑक्टोबरची. प्रोजेक्ट सप्टेंबरात संपतं, हे लक्षात आहे. पण मिसेस कोह समजूतदार आहेत. एकदा मला गुड जॉब म्हणाल्या होत्या, बहुतेक २००३ मध्ये.

निकालपत्राचा मसुदा लिहायला घेतला. मोदक अजून चाखायचे आहेत, पण तत्त्वं तयार असली की बरं.

मधूला परीक्षेबद्दल सांगितलेलं नाही. विषय न्यायप्रविष्ट आहे.

११ सप्टेंबर, रविवार

काळा झगा मिळाला नाही म्हणून काळा रेनकोट घातला. बत्ता बरोबर. हॉलचा एसी बंद पडलेला. घामाने अंघोळ झाली, पण पदाची प्रतिष्ठा राखली.

मोदकांच्या ताटांना फक्त नंबर, नावं झाकलेली. सगळे चाखले. चार नंबरच्या मोदकात सारण काळसर, वास धुरकट, गोडी वेगळीच. चौकशी केली तेव्हा कळलं, त्यात इकडचा गुला मलाका, म्हणजे ताडाचा गूळ घातलाय. लोक त्या ताटावर तुटून पडले होते. पण लोकप्रियता आणि न्याय या वेगळ्या गोष्टी आहेत. (आणि मी स्वतः चार खाल्ले, ते पुरावा म्हणून.)

निकालपत्र वाचलं. मोदकाच्या मूळ संहितेत गूळ म्हणजे उसाचा गूळ. जिवंत मोदकाचा सिद्धांत मला मान्य नाही. सबब चार नंबर हा मोदक नसून मोदकाच्या वेशात शिरलेला परदेशी नागरिक आहे, त्याला शेवटचा क्रमांक. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, म्हणजे आपल्यासारखाच, एम्प्लॉयमेंट पासवर आलेला! हॉल हसला. मी बत्ता आपटला. बशी फुटली.

उल्काताईंनी चिठ्ठ्या उघडल्या. चार नंबर: मधुवंती.

म्हणजे ती बुओना व्हिस्टाच्या भिशीवाल्यांकडे जाऊन सराव करत होती. बारा वर्षं तिच्या हातचं खातोय आणि एका घासातही ओळखलं नाही. याहून मोठा निःपक्षपातीपणाचा पुरावा कुठला?

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये मधू पलीकडच्या सीटवर बसली. अवनी कानाशी येऊन म्हणाली, बाबा, दिस टाइम यू शुअर डाय.

१२ सप्टेंबर, सोमवार

रात्री जेवायला ब्रेड. परवापर्यंत ती बोलेल.

१७ सप्टेंबर, शनिवार

बोलली. परीक्षा पुढे ढकलल्याचं तिला रत्नदीपकडून कळलं. तो पास झाला, पेढे द्यायला आला होता. मला वाटलं चिडेल. पण डोळ्यांत पाणी आणून एवढंच म्हणाली, अवनीने पुढच्या वर्षीचे मित्रसुद्धा ठरवून ठेवलेत रे.

यावर घटनेत काही नाही. शोधलं.

रात्री पुस्तक उघडलं. दुसरं प्रकरण. समजलं नाही. भीती वाटली. हे इथे लिहून ठेवतो, बाकी कुठे बोलणार नाही.

३० सप्टेंबर, शुक्रवार

मिसेस कोहनी केबिनमध्ये बोलावलं. मी खिशात बायोडेटाची नवी प्रत ठेवून गेलो. त्या चष्मा पुसत हळूच म्हणाल्या, फ्रॉम मंडे यू आर ऑन द बेंच.

माझ्या तोंडून निघालं, थँक यू. अंगावर काटासुद्धा आला. मग त्यांचा चेहरा बघितला आणि कुठला बेंच ते लक्षात आलं.

यिशुनला उतरून हॉकर सेंटरच्या खाण्याच्या स्टॉलांत एक कोपी, म्हणजे इकडची कॉफी, घेऊन बसलो. बाकड्यावरच.

९ ऑक्टोबर, रविवार

मधूला बुओना व्हिस्टाच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली. भिशी नव्हती. चार इंटरव्ह्यू झाले होते. मला सांगणार होती, पण म्हणे तू तेव्हा होनोलुलूत होतास. पास तिच्या नावाने मंजूर. अवनीची शाळा शाबूत. आता आम्ही दोघं मधूच्या पासला लटकलेले. माझ्या पासवर ठळक अक्षरात 'डिपेंडंट' येणार. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याबद्दल मी निकालपत्रात जे काही लिहिलं होतं ते खोडत बसत नाही.

मधूने कामं सांगितली. सकाळी डबे. अवनीला ट्यूशनला सोडणं-आणणं. लाइटचं बिल. टेबलला नवी काच. विचारलं, हे किती दिवस? ती म्हणाली, नीट वागशील तोवर.

संध्याकाळी तिने गुला मलाकाचे मोदक केले. सात खाल्ले. माझा निकाल चुकला होता, हे तिला तोंडाने सांगितलं. ती म्हणाली, माहितीये, उकड मळायला ये.

बाबांना फोन केला. म्हटलं, जन्माची नोकरी लागली. ते गहिवरले. मग त्यांनी विचारलं, पेन्शन आहे ना?

मधूला विचारून सांगतो म्हटलं.