गाडी जाईपर्यंत

लोणावळे,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५०

दत्तोबा यांस हौशीरामाचा रामराम.

'यांस' वाचून हसू नकोस. सहा वर्षं रुसून बसलेल्या माणसाचा मान आपोआप वाढतो. त्यात तू आता कामशेतात तांदळाची वखार घालून बसलास, तेव्हा अरेतुरे करण्याआधी परवानगी घ्यावी म्हटलं. घेतली. आता ऐक.

आपल्या मांडवातली घंटा मला फुकट पडली, असं मी गावभर सांगत आलो. तुला खरा हिशेब देतो. रेल्वेच्या भंगाराच्या लिलावात ती बारा आण्यांना सुटली. टांगायला सागाचा खांब लागला, तो माझ्याच लाकडाच्या अड्ड्यावरचा, म्हणून धरत नाही. सुतार दोन दिवस जेवला, आणि खांब कलला म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला आला. दोरी सव्वा आण्याची. आणि एक गाणारा मित्र. तो कुठल्या भावानं लावायचा ते तूच सांग, व्यापारी तू आहेस.

इकडे सर्व खुशाल. भात बरं झालं. तुझी वहिनीही बरी आहे, फक्त हल्ली फार मोठ्यानं बोलते. मी म्हटलं, वय झालं की बायकांचा आवाज चढतो. त्यावर ती काहीतरी म्हणाली.

तू मांडव पाहिलास तो पहिल्या संध्याकाळी, आणि तोही अर्धाच. त्यानंतरची हकिकत तुला कोण सांगणार? पाटीवर 'लोकरंजन सभागृह, धर्मादाय' असं लिहिलंय, पण लोक अजून 'हौशाचा मांडव'च म्हणतात. तिकीट आजही नाही. दाराशी एक पेटी आणि एक डालगं ठेवलंय. ज्याच्याकडे पैसा असेल तो पैसा टाकतो, सुगीत शेतकरी पायली-अधोली तांदूळ ओततो, कुरवंड्याकडची माणसं सरपणाची मोळी आणून भिंतीला लावतात. त्यावर दिव्याचं रॉकेल आणि तबला शिकवणाऱ्या मास्तरांचं पोट चालतं. गुरुवारी भजन, रविवारी पोरांची पेटी-तबल्याची शिकवणी, सणासुदीला नाटक. पंच पाच आहेत आणि मी चालक. चालक म्हणजे जाजम झटकणाऱ्याच्या वरचा आणि बाकी सगळ्यांच्या खालचा.

जागा दानात मिळाली म्हणून रुळांच्या कडेला मिळाली. दानाची जागा बाजारपेठेत कोण देतो? घाट चढून आलेली गाडी पुढच्या आणि मागून ढकलणाऱ्या अशा दोन्ही इंजिनांसकट नेमकी आपल्या पत्र्याशेजारी येऊन धापा टाकते. तेवढा वेळ आत माणूस ओरडला तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून घंटा. मी ती वाजवली की रंगमंचावरच्यानं आहे तिथं थांबायचं, आणि गाडी गेली की पुढं सुरू करायचं.

तू याला थट्टा म्हणालास. पण आता इथं त्याची रीत झालीय रे. 'गाडीची सुट्टी' म्हणतात. घंटा झाली की बाया पोरं सावरून घेतात, गडीमाणसं तंबाखू मळतात. गेल्या शिमग्याला एका राजानं शत्रूचं मुंडकं उडवायला तलवार उचलली आणि घंटा झाली. राजा तसाच उभा. मालगाडी लांबलचक. पुढं बसलेली सरुबाई त्याला म्हणते, "आरं, हात खाली घे की रं, भरून यील!" राजा ओठ न हलवता म्हणतो, "गाडी जाऊ दे, मावशी." आणि खाली मान घालून मरायला बसलेला शत्रू म्हणतो, "माझ्या मानंचं बी बघा की कुनीतरी."

पुण्याची एक मंडळी आली होती. त्यांचा मुख्य नट म्हणाला, "आम्ही असं थांबत नसतो." थांबला नाही. त्याचा सगळा शोक गाडीखाली गेला. नुसतं तोंड हलताना दिसलं. गाडी गेल्यावर मागून कुणी तरी म्हणालं, "पाव्हनं, आता परत म्हना." म्हणाला बिचारा. दुसऱ्या वेळेला जास्त चांगला रडला.

घंटा सहा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पण बढाईच आहे. या स्टेशनात हातोडीनं गाड्यांची चाकं ठोकत मी तरुणपण घालवलं. चाकाला केसाएवढी चीर असली तरी ती मला आवाजात लागायची. साहेब म्हणायचा, हौशीराम, तुझे कान कंपनीच्या मालकीचे आहेत. नोकरी सोडली तेव्हा हातोडी परत केली, कान घेऊन आलो. खंडाळ्याकडं शिट्टी झाली की इतरांच्या आधी मला कळायचं. आजही लोक गाडीकडं कान लावत नाहीत, माझ्या हाताकडं बघतात.

मी घंटेच्या खांबाशी स्टुलावर बसतो. बुंध्याशी बयाबाई बसते, कुरवंड्याची. झाडलोट, जाजमं, दिवाबत्ती सगळं तिच्याकडं. डोक्यावर मोळी घेऊन रूळ ओलांडण्यात तिचा जन्म गेला. खांबाला टेकून बसायची तिला सवय आहे.

तर मुद्दा. येत्या पौष पौर्णिमेला मांडवाला सहा वर्षं पुरी होतात. संध्याकाळचं गाणं तुझं. गेणूला मी विचारून ठेवलंय. तो म्हणतो, दत्तोबा येत असेल तर पखवाजाला नवी कणीक लावतो. तू येणार की नाही ते कळव. कुणाबरोबर तोंडी निरोप पाठवू नकोस, लिहूनच कळव. आणि 'पुढच्या वर्षी बघू' असं लिहू नकोस.

त्या दिवसाबद्दल मी आजपर्यंत तुझ्याशी बोललो नाही. आलाप चालला होता तुझा, डोळे मिटलेले, आणि मी दोरी ओढली. तू डोळे उघडून माझ्याकडं असं बघितलंस, जशी मी तुझी गायच सोडून नेली. "हौशा, मी देवासाठी थांबत न्हाई, तुझ्या गाडीसाठी थांबू व्हय?" वीणा गेणूच्या मांडीवर ठेवलीस, पटका घातलास आणि बायकांच्या मधून वाट काढत गेलास. ज्या गाडीसाठी थांबला नाहीस, ती स्टेशनात तुझ्यासाठी थांबलेली होती. तिनंच कामशेतला गेलास. तिकीट काढलं होतंस का रे? तेव्हापासून विचारायचं राहिलंय.

घंटा वाजवली यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुलाही तुझं वाटत नसणार. ते तसंच राहू दे. दोघांनी मिळून म्हातारपणी एक तरी भांडण शाबूत ठेवावं.

मध्यंतरी हलत्या चित्रांचा एक ठेकेदार आला होता, मांडव भाड्यानं मागायला. म्हणाला, "तुमच्या गाडीनं आमचं काय बिघडतं? आमची माणसं मुकी!" पंचांनी नमुन्याला एक खेळ लावायला सांगितला. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, काहीही सुटलं नाही. पुष्कळ दिवसांत असा पुरता खेळ बघितला नव्हता. घरी येताना त्याचंच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं.

आता तू विचारशील, पुष्कळ दिवसांत का नाही? कीर्तनात मी हल्ली लोकांबरोबर हसत नाही, लोकांकडं बघून हसतो. माझं हसू सुरू होतं तेव्हा त्यांचं संपलेलं असतं. बुवांना वाटतं, हौशीरामाला विनोद खोलवर पटला.

आणि घंटा एकदा चुकली. वर 'एकदाही नाही' लिहिलंय ते खोडत नाही, कागद घाण होतो. गेल्या कार्तिकात शाळेच्या पोरांचं नाटक होतं. राजपुत्र झालेला पोरगा भाषण करत होता, आणि करता करता माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं, शाबासकी मागतोय. मी मान डोलावली. तो आणखी तोंड फाडून बोलायला लागला. मग खांब हादरला आणि मला कळलं की गाडी डोक्यावर आहे. सगळा मांडव वळून माझ्याकडं बघत होता, आणि मी हातात दोरी धरून हसत बसलो होतो. पोरगा रडायला लागला. ते मला दिसलं.

लोक म्हणाले, हौशीरामाला डुलकी लागली. मी म्हटलं, लागली. डुलकीची लाज वाटत नाही.

पुण्याच्या डॉक्टरनं कानात नळी घालून बघितलं. उजवा गेलाय. डावा जातोय, वर्षभर पुरेल, म्हणाला, फार तर. इतकी वर्षं लोखंडावर लोखंड आपटलं, त्याचं हे व्याज. गंमत अशी, की बारीक आवाज आधी जातात. शिट्टी गेली. टाळ गेले. बायकांचं बोलणं गेलं, म्हणून तुझी वहिनी ओरडते. वर तिच्या वयावर ढकललं ते खोटं. पखवाज अजून येतो. जाड गळा जवळून आला तर येतो. तुझा गळा तर मुळातच घागरीत बोलल्यासारखा, तुझी आई म्हणायची, "ह्यो गातोय का दळतोय!" म्हणून लिहितोय. पुढच्या वर्षी तू आलास तर मला तुझं तोंड हललेलं दिसेल.

रुळांच्या कडेनं सध्या खांब रोवतायत. विजेवर गाड्या चालणार म्हणे, धूर नाही, धापा नाहीत, आल्या-गेल्या कळणार नाहीत. मांडवातले सगळे खुशीत आहेत. माझ्यापुरती ती गाडी सुरू झालीय.

पौर्णिमेला दुपारच्या पॅसेंजरनं ये. गेणू स्टेशनात येईल. मुक्काम माझ्याकडं, वहिनीनं वांग्याच्या भरताचा बेत आत्तापासून ठरवलाय, वांगी इंद्रायणीकाठच्या इंदुरीहून मागवणार आहे. मांडवात मी खांबाशी बसणार नाही, तुझ्या अगदी जवळ बसेन, डावी बाजू तुझ्याकडं करून. तू गात असताना घंटा होणार नाही, असं मी पंचांना सांगितलंय. गाडी आली तर येऊ दे, माझ्या आड ती आता फारशी येत नाही. तू थांबू नकोस.

एक सांगायचं राहिलं. सहा वर्षांतली पहिली चार वर्षं घंटा माझ्या कानानं वाजली. पुढं एका संध्याकाळी बयाबाईनं माझ्या धोतराचा सोगा ओढला आणि हळूच म्हणाली असणार, "आबा, वडा की!" मी दोरी ओढली, आणि गाडी आली. तेव्हापासून ती सोगा ओढते आणि मी दोरी ओढतो. मी तिला कधी तसं सांगितलं नाही, आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. कार्तिकात नाटक होतं त्या संध्याकाळी ती नातवाच्या बारशाला कुरवंड्याला गेली होती.

तुझा,
हौशा