कुंपणातलं एल्डर

पेनरिऊ, वेल्स
११ फेब्रुवारी

इडवल,

आशीर्वाद आहेत, ते काही मी परत घेतलेले नाहीत. छाती वाजते, पण चालतंय. मेंढ्या गाभण आहेत. तुला मुलगी झाल्याचं पोस्टमनने सांगितलं. बरं झालं, कुणीतरी सांगितलं.

तुझ्या नेस्टमावशीकडे राहून शनिवारी परतले, तर उतारावरच्या शेताचं झाडांचं कुंपण कुणीतरी निजवून दाट केलेलं! तुझा बाप गेल्यापासून ते नुसतं उंच वाढत होतं, खाली भगदाडं. आता प्रत्येक खोड बुंध्याशी चिरून, सालीवर जिवंत ठेवून, चढाकडे आडवं केलेलं. मध्ये खुंट, वर हेझलच्या झाडाच्या लवचीक काठ्यांची वेणी. एवढं काम फुकट कोण करतो?

शेजारचा गेथिन, दुसरं कोण? त्याचा त्या शेतावर जुना डोळा. कुंपण हातभर आत सरकवलं असणार म्हणून मी काठी घेऊन मापायला गेले. तो फाटकाला टेकून हसत होता.

"काय म्हातारे, कुंपण पळालं का?"

"तू पळवलंस का ते बघतेय."

"मी केलं असतं तर ते एल्डरचं झाड ठेवलं असतं का? गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती."

खरंच की. मधोमध एल्डर उभं. ते शेजारच्या खोडांना गुदमरवतं, मग तिथे भगदाड पडतं. शिकाऊ माणूससुद्धा आधी ते मुळासकट काढतो. पण त्याच्या फुलांची दारू मी करते. तुझ्या बापाने एकदा त्याला कोयता लावला, तर मी चूल पेटवली नव्हती. हे घरच्यांनाच ठाऊक. आणि घरचं आता तुझ्याशिवाय उरलंय कोण?

बापाला पुरून आलो त्याच संध्याकाळी तू म्हणालास, "शेत विकू या." मी तुला बाहेरचा रस्ता दाखवला. म्हणून आधी मनात आलं, तू शेत नटवून गिऱ्हाईक आणणार. तुझ्याबद्दल असंच येतं मनात.

मग फांद्यांचा झुपका कुठल्या अंगाला आहे ते पाहिलं. माझ्या मेंढ्यांच्या अंगाला. बुंध्याशी फुटणाऱ्या नव्या कोंबांना त्यांचं तोंड लागू नये म्हणून. विकायला निघालेला माणूस कोंबांची फिकीर करत नाही. एवढ्यावरून माझा विश्वास बसला असं मात्र समजू नकोस.

फाटकाजवळचा तुकडा राहिलाय. मार्चात पाखरं घरटी करायला लागली की हात लावता येणार नाही. बापाचा कोयता गोठ्यात होता, ताज्या धारेचा. तो मी घरात आणून ठेवलाय. हवा असेल तर दार वाजवून माग. मी घरात नसताना केलेलं काम मला चालत नाही.

पोरीला घेऊन ये. कुणावर गेलीय ते मी स्वतः बघणार, तुझ्या सांगण्यावर नाही.

खिडकीशी बसलेली,
आई