चाळीस डाव्या बाह्या

४ नोव्हेंबर, सोमवार

कापड कापणाऱ्या मास्तरांचा हात थरथरायला लागलाय. कापडावर खडूची रेघ सरळ येईना. आज मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं – आता कात्री कोण धरणार? मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. सगळा कारखाना हसला. "कोण, डावी?"

अकरा वर्षं झाली, हेच नाव. एका ऑर्डरचे चाळीस कोट मी शिवले होते. चाळिसांनाही दोन्ही बाह्या डाव्या. मास्तर म्हणाले, बाईनं जोड चुकवली. तेव्हापासून मी फक्त काजं आणि बटणं.

मालक म्हणाले, शुक्रवारी एक कोट कापून दाखव. जमलं तर कापायचं टेबल तुझं. नाही तर बाहेरचा माणूस आणतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, चहा टाक. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "हसं करून घेशील. परत."

हा 'परत' त्यानं शेवटच्या घोटासाठी राखून ठेवला होता.

बापानं चौथीतून काढलं तेव्हा तोही असंच म्हणाला होता – हिच्या डोक्यात काही शिरत नाही. पुढे सासूनं री ओढली. इतकी माणसं एकच सांगतात, तर खोटं कसं असेल?

रोज सकाळी देवापुढे उभी राहते. बाकीच्या बायका काही ना काही मागतात. मी माफी मागते, चाळीस कोटांची. अकरा वर्षांत एक खाडा नाही. तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा भिंत धरून उभी राहिले.

६ नोव्हेंबर, बुधवार

रद्दी कापली दिवसभर. खांदा बरा आला. गळा बरा आला. बोट कापलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज उरल्यासुरल्या कापडावर हात चालवला. मास्तर शेजारी स्टुलावर. बाहीचा पुठ्ठा ठेवला, खडू फिरवला, कापली. पुठ्ठा तसाच पुढे सरकवून दुसरी कापली. दोन्ही समोर धरल्या – दोन्ही डाव्या!

मास्तर चटकन म्हणाले, "दुसऱ्या वेळी पुठ्ठा पालथा घालायचा राहिला. होतं असं."

होतं असं.

बाह्या हातात घेऊन उभीच राहिले. मी जोडताना घोळ घातला असता, तर वीस कोटांना दोन्ही डाव्या लागल्या असत्या आणि उरलेल्या विसांना दोन्ही उजव्या. पण चाळीसच्या चाळीस डाव्या! मग उजव्या बाह्या गेल्या कुठे? कुठेच नाही. कापल्याच नव्हत्या. कापडाचे थर एकावर एक लावून कापतात. पुठ्ठा एकदा पालथा घालायचा राहिला, की एक चूक चाळीसदा होते.

चौथीतल्या पोरालाही जमलं असतं हे गणित. मी मांडूनच पाहिलं नाही. अक्कल नाही हे आधीच ठरलेलं, मग गणित कशाला?

आणि हाताला खटकलं होतं तेव्हा. पहिल्याच कोटाला. बाही खांद्यात बसेना, ओढूनताणून बसवली. म्हटलं, मास्तरांनी कापलंय, बरोबरच असणार. माझा हात सांगत होता. मीच त्याला गप्प केलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना गाठलं. चारचौघांत वाभाडे काढायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं एवढंच – "त्या चाळीस कोटांच्या उजव्या बाह्या कुठे होत्या, मास्तर?"

डब्याचं झाकण लावत होते. लागेना. डबा बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, मला वाटलं तुम्हाला तेव्हाच कळलं. कळूनही माझ्यासाठी गप्प राहिलात. आमच्या घरी तुम्हाला देवमाणूस म्हणतात."

देवमाणूस! मला कळलं नव्हतं, एवढंच. माझ्या अडाणीपणाला चांगुलपणाचं नाव दिलं आणि हा माणूस अकरा वर्षं सुखानं जेवला. मला डावी म्हणून हाक मारताना कधी अडखळला नाही.

पुढे म्हणाले, म्हणून तर तुमचं नाव सुचवलं. म्हणजे तेही उपकार फेडायला. माझ्या हातावर भरवसा होता म्हणून नव्हे.

बरं. नसू दे.

दुपारी कोट कापला. पुठ्ठा पालथा घातला. एक डावी, एक उजवी. मालकांनी टेप लावून पाहिली, म्हणाले, सोमवारपासून टेबलावर ये. मास्तर डोळे पुसत होते. पुसू दे.

१० नोव्हेंबर, रविवार

नवरा म्हणाला, नशीब. मी म्हटलं, नशिबानं कापड कापत नाहीत. चहा त्यानं स्वतः केला.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सवयीनं देवापुढे हात जोडले. माफी तोंडात आली आणि तिथेच थांबली. याला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज ऐकून घेत राहिला.

हात खाली घेतले. म्हटलं, आज तू माग. आणि जरा लवकर – मला आठला टेबलावर पोचायचंय.