फळीवरची मावशी

पनवेल, बुधवार, संध्याकाळ

उद्या स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसची केटी, म्हणजे राहिलेल्या विषयाचा पेपर, तोही तिसऱ्यांदा. उडाली तर वर्ष गेलं. आणि दुपारी मी कुठे? उरणच्या खाडीवर! होडीपासून धक्क्यापर्यंत टाकलेल्या फळीवर मधोमध उभा, फोटो काढत. मागून माशांची पाटी घेतलेली मावशी ओरडली, "मदी थांबू नको रं, तितंच फळी जास्ती वाकतं! चाल फुडं!"

धक्क्यावर पोचलो आणि तिला फळीवरून येताना बघत राहिलो. सर वर्षभर सरकता भार म्हणतात तो हाच की! घरी येऊन पुस्तक न उघडता आकृती काढली, मावशी कुठे असताना फळी किती वाकते त्याची. टोकांना शून्य, मधे सगळ्यात जास्त. बरोबर! मग पुस्तक उघडलं, तर पुढच्या गणितात फळीला मधेच टेकू. अडलो. मग मनातल्या मनात मावशीला टेकूवर उभं केलं. भार सरळ खाली टेकूत, वाकणं शून्य. सुटलं!

उद्या पेपरात अडलो तर पहिल्यांदा मावशीला फळीवर चढवायचं.