न फिरणारा कोंबडा

लंडनजवळ, ओंटारिओ
१० जुलै २०१७

प्रिय कुमुद,

मी ठणठणीत आहे. उन्मेष आणि सूनबाई माझं नीट बघतात. केया आजोबांच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते, पण देते. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथल्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा तांब्याचा जुना कोंबडा आहे, आपला वातकुक्कुट. लोक त्याला गावाचा राखणदार म्हणतात. टी-शर्टवर तोच, कचऱ्याच्या डब्यांवरही तोच. मी पंधरा दिवस पाहिलं. वारा कुठूनही येवो, याचं तोंड पूर्वेलाच. खालचा लोखंडी आस गंजून बसलाय. चौतीस वर्षं पुण्याच्या वेधशाळेत काढलेल्या माणसाला राहवेल का? कॅनडा डेच्या कार्यक्रमात उभा राहून मेयरबाईंना सांगितलं, "तुमचा राखणदार कधीच मेलाय." सगळे हसले. उन्मेष नाही हसला.

घरी म्हणाला, "बाबा, तुम्ही मला एम्बॅरस केलंत. मला इथे राहायचंय." मग त्याने माफीचं पत्र टाइप केलं, माझ्याच नावाने: माझी स्मृती हल्ली ठिकाणावर नसते, माझं बोलणं मनावर घेऊ नये. मी म्हणालो, "बाहेर जाऊन बघ, वारा पश्चिमेचा आहे." त्याने पेन पुढे केलं.

सही केली मी.

मेयरबाईंचं फार गोड उत्तर आलंय. केयाने ते फ्रिजवर लावलंय, कोंबड्याच्या मॅग्नेटखाली.

आता फोनवर उन्मेष तुला सांगेल की बाबा हल्ली विसरतात. वाद घालू नकोस, हो म्हण. त्याला बरं वाटतं.

सगळं लक्षात असलेला,
तुझा रविकांत