रिकाम्या पोटाची ड्युटी

३ मार्च, सोमवार

आज भर रस्त्यात बस सोडून पळाले!

गाडी खचाखच भरलेली. कापड बाजाराच्या थांब्यावर उभी केली, हँडब्रेक ओढला, कंडक्टरला म्हटलं, "आलेच," आणि समोरच्या चपलांच्या दुकानात घुसले. मालकाला धड विचारलंसुद्धा नाही. तो बिचारा हातात एक सँडल घेऊन बघतच राहिला. दुकानामागे संडास होता म्हणून अब्रू वाचली. अगदी थोडक्यात.

बाहेर आले तर सगळी बस खिडक्यांतून माझ्याकडे बघतेय. एक जण मनगटावरचं घड्याळ दाखवत होता. "बायकांना कशाला देतात हो गाडी चालवायला!" — हे म्हणाली ती बाईच. चढले, बसले, गिअर टाकला. कान तापले होते.

आमच्या कंडक्टरला सगळा डेपो आजोबा म्हणतो. निवृत्तीला आलेत. ते प्रवाशांना ठणकावून सांगत होते, "टायर बघायला गेल्या होत्या मॅडम!" चपलांच्या दुकानात टायर! हसूही येईना.

क्रोन म्हणतात या दुखण्याला. आतड्याला आतून सूज. बरी होत नाही, नुसती दबून राहते. नाव एवढंसं आणि खोड केवढी!

५ मार्च, बुधवार

तक्रार गेलीच. डेपोच्या साहेबांनी बोलावलं. त्यांना दुखणं माहीत आहे, पण ऐकायचं नसतं.

"बाई, तुमचं जे काय असेल ते घरी आटपून येत जा."

घरी आटपून! जशी काही माझी वेणी घालायची राहिली होती.

म्हणाले, पुन्हा तक्रार आली तर गाडीवरून उतरवतील. कुठे बसवणार ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गाडी धुवायच्या शेडमध्ये पाईप धरून उभी राहिलेली मी मला दिसली.

९ मार्च, रविवार

नणंद आली होती. येताना सल्ल्यांचं गाठोडं घेऊन. दूध बंद कर. गहू विष आहे. हळद-आलं उकळून अनशापोटी घे. तिच्या मैत्रिणीच्या दिराला असंच होतं, त्याने म्हणे फक्त शहाळ्यावर राहून दुखणं पळवलं. "मनावर घे गं जरा. तू मनावरच घेत नाहीस."

मग डेपोतले. मेकॅनिक म्हणतो दही खा. बुकिंगवाली म्हणते दह्याला शिवू नकोस. आजोबा म्हणतात कच्चा कांदा! पेशंट एक आणि वैद्य छप्पन्न.

नवरा मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. बहिणीला एवढंच म्हणाला, "ताई, डॉक्टर आहेत ना तिचे." डॉक्टरांकडे गेल्याला किती दिवस झाले, ते दोघांनाही माहीत होतं. सुट्टी मिळत नाही. मिळाली तर झोपावंसं वाटतं.

१४ मार्च, शुक्रवार

दूध सोडलं. थोडं हलकं वाटलं, ते खरं. मिरची-मसाला सोडला. कच्ची कोबी, काकडी, सालीची, बियांची फळं — सगळी सोडली. त्यानेही फरक आहे.

पण शेंडा ना बुडखा! काल मऊ भात खाल्ला, सुखात गेला. आज तोच भात, त्याच पातेल्यातला, आणि दुसऱ्या फेरीला पोट असं पिळवटलं की स्टिअरिंग घट्ट धरून दात आवळून बसले. थांबा आला की आत वळवळ, सिग्नल लागला की घाम. रस्त्यावरचा प्रत्येक पेट्रोल पंप, प्रत्येक बँक, कोणाचा वॉचमन आत सोडतो आणि कोणाचा हाकलतो — सगळं पाठ झालंय मला. शहराचा नकाशाच निराळा आहे माझा.

१९ मार्च, बुधवार

उकडलेला बटाटा. उकडलेला बटाटा. उकडलेला बटाटा. — बिट्टी ताटात डोकावून म्हणाली, "आई, तू बटाटाच होशील एक दिवस." चौथीत आहे, पण जीभ आजीबाईची.

२४ मार्च, सोमवार

सकाळी उशीर झाला, काही न खाताच पळाले. डबा पण घरीच राहिला. मनात म्हटलं, आता चक्कर येऊन पडणार.

कसलं काय! पूर्ण ड्युटी गुळगुळीत. एकदाही पोट बोललं नाही. पेट्रोल पंपांकडे बघितलंही नाही. परतीच्या फेरीला चक्क गुणगुणत होते. आजोबांनी वळून बघितलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. न खाई त्याला काय?

२८ मार्च, शुक्रवार

ठरलं. ड्युटीवर काही नाही. चहासुद्धा नाही. ओठ ओले होतील एवढं पाणी. जेवण थेट घरी आल्यावर, संडास चार पावलांवर असताना. मग काय व्हायचं ते होऊ दे!

होतं बरंच काही. जेवले की संध्याकाळ दारामागेच जाते. बिट्टी बाहेरून पाढे म्हणून दाखवते, मी आतून चुका काढते. पण ते घरात. घरात लाज नाही.

२ एप्रिल, बुधवार

साहेबांनी सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, "बघा! मनावर घेतलं की होतं की नाही?" आणि विमानतळाचा लांबचा रूट दिला मला. नवी गाडी, पॉवर स्टिअरिंग. चार जणांनी टाळ्या वाजवल्या.

घरी सांगितलं. बिट्टीने वर्गातल्यासारखी "शाब्बास!" अशी पाठ थोपटली. नवरा हसला, पण अर्धाच.

खूप दिवसांनी कोणीतरी चांगलं म्हणालं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

७ एप्रिल, सोमवार

पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. युनिफॉर्म खुंटीवर टांगल्यासारखा लोंबतो.

जिना चढताना मध्येच बसावं लागतं. वर शेजारीण भेटली — "काय बारीक झालीस गं! काय करतेस, सांग तरी!" हेवा वाटत होता तिला. हेवा!

रात्रीच्या जेवणावरून भांडण. मी दोन घास खाऊन उठले, तर हा म्हणाला, "तुला काय वाटतं, मला दिसत नाही?"

"दिसतंय ना? मग उद्यापासून तू चालव गाडी!"

तो टेबलावरचा कोणाचा तरी मिक्सर उघडून बसला. किती वेळ तोच स्क्रू काढत होता, लावत होता.

असं बोलायला नको होतं. पण माफी मागायलासुद्धा ताकद लागते, आणि ती उद्याच्या ड्युटीसाठी ठेवायची असते.

११ एप्रिल, शुक्रवार

सिग्नल लाल झालेला दिसला नाही.

म्हणजे दिसला. पण डोळ्यांपासून पायापर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. शेवटी ब्रेक दाबला तेव्हा आजोबा सीटवर आदळले, तिकिटांची पेटी खाली. समोरून एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. तिने मान वर करूनही बघितलं नाही. गेली निघून. तिला कधीच कळणार नाही.

मला मात्र ती बाबागाडी दिसतच राहिली. निळी होती.

शेवटच्या थांब्यावर आजोबा शेजारी येऊन उभे राहिले. कोपर चोळत होते. "पोरी, मी तिकिटं फाडतो, डोळे फोडून घेतलेले नाहीत. दिवसभर तुझ्या पोटात कण जात नाही." खिशातून बिस्किटांचा पुडा काढला. मी नको म्हटलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "डॉक्टरकडे जा. नाहीतर मी साहेबांना सांगेन. तू शिव्या घातल्यास तरी सांगेन."

१५ एप्रिल, मंगळवार

गेले. नवरा दुकान बंद ठेवून बरोबर आला. गेल्या आठवड्याचं भांडण दोघांनीही काढलं नाही. बसस्टॉपवर त्याने माझी पिशवी घेतली, तेवढंच.

डॉक्टरीण बाई जुन्या. मी ऐटीत सांगितलं, दिवसभर काही त्रास नाही, पोट एकदम शांत. त्या कागद बघत होत्या, काल करून घेतलेल्या तपासण्यांचे.

"तुम्ही बऱ्या झालेल्या नाहीत. रिकाम्या झाल्या आहात."

मग समजावलं. न खाल्ल्यावर पोट हलत नाही, म्हणून त्रास जाणवत नाही. पण सूज अन्नाने आलेली नाही. अन्न तिला फक्त डिवचतं. आत ती वाढतेच आहे, गेल्या खेपेपेक्षा जास्त. वर रक्त कमी, वजन कमी. "जेवण सांभाळलंत तर त्रास कमी होईल, ते महत्त्वाचं आहेच. पण आग औषधानेच विझते. उपाशी राहून नाही."

औषध बदललं. आता इंजेक्शन. आणि महिनाभर तरी गाडी नको.

मी म्हटलं, "मग डेपोत काय सांगू?"

"खरं ते. मी लिहून देते. बसून करायचं काम मागा."

शेजारच्या खोलीत आहार सांगणारी मुलगी होती. तरुण, शाईचे डाग पडलेली बोटं. थोडं थोडं, मऊ, दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. अंडं, मऊ भात, केळं, भाज्या शिजवून गाळून. सूज उतरली की एकेक पदार्थ परत आणून बघायचा. सगळं कायमचं सोडायचं नाही. "एकाला चालतं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. तुमचं पोट तुम्हालाच ओळखावं लागेल." मग विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?"

मला रडूच कोसळलं! इतके दिवस सगळे काय सोड ते सांगतात. काय आवडतं हे कोणी विचारलंच नव्हतं. आणि मला आठवेना. किती वेळ आठवेना.

शेवटी म्हटलं, "पेरू. बियांसकट."

"नेमका तोच!" म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. बाहेर बसलेल्या नवऱ्याला वाटलं, काहीतरी चांगली बातमी आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पर्समध्ये आहे. डेपोत दाखवलं नाही.

एवढा महिना काढू. रूट आत्ताच मिळालाय. आत्ता पाय मागे घेतला तर साहेब म्हणतील, शेवटी बाईच ती. घरी सांगितलंय की बोलणी चालू आहेत. आजोबांनाही तेच. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि घंटी वाजवली.

संध्याकाळी अंडं आणि मऊ भात खाल्ला, जपून, सांगितलंय तसा. बाधला नाही. दिवसभर मात्र तेच — कोरडं तोंड.

२२ एप्रिल, मंगळवार

शाळेतून फोन. बिट्टी वर्गात पडली. फळ्यावर गणित सोडवता सोडवता.

गाडी डेपोत लावली आणि निघाले. कोणाला काय सांगितलं आठवत नाही. शाळेच्या ऑफिसात बाकावर निजवली होती, ओठ पांढरे. बाई म्हणाल्या, "हल्ली फारच मलूल असते. डबा उघडतच नाही." डबा बघितला. जसाच्या तसा.

मला माहीत होतं हे काय आहे. माझीही सुरुवात अशीच झाली होती. आधी जेवण नकोसं, मग वजन, मग बाकीचं. डॉक्टरीण बाई एकदा म्हणाल्या होत्या, कधी कधी घराण्यात उतरतं.

रिक्षात तिचं डोकं मांडीवर घेतलं. किती हलकं! पोरीला मी नाक दिलं, जीभ दिली, आणि आता हे.

नवरा हॉस्पिटलच्या दारात उभा होता. हाताला ग्रीस तसंच. रक्त घेतलं. बाकीच्या तपासण्या उद्या.

२५ एप्रिल, शुक्रवार

सगळे रिपोर्ट चांगले! आतडी स्वच्छ. सूज नाही, काही नाही. नवऱ्याने भर कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना.

मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आजार नाही. ती खातच नाहीये. पाणीसुद्धा पीत नाही. का, ते घरी विचारा. प्रेमाने विचारा."

आज विचारलं नाही. आज ती झोपली आणि आम्ही दोघं दोन्ही बाजूंना बसून राहिलो.

२६ एप्रिल, शनिवार

सांगितलं तिने. अगदी सहज सांगितलं. शाळेतल्या संडासाला कडी नाही, मुलं दार ढकलतात आणि हसतात. "मग काही खाल्लंच नाही ना आई, की जावंच लागत नाही. तू पण तसंच करतेस. तुला तर साहेबांनी टाळ्या वाजवून शाबासकी दिली."

नवऱ्याने गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी आधी शाळेत जाईन, कडी बसेपर्यंत हलणार नाही. मग डेपोत — ते लिहून दिलेलं साहेबांच्या टेबलावर.

दोन वाट्यांत मऊ भात वाढला. तिच्यासमोर बसले, पहिला घास मी घेतला. मग तिने घेतला. अर्ध्यात कळ आली. तिच्या देखत उठले, गेले, आणि परत येऊन उरलेला भात खाल्ला.