खिंडीतल्या ट्रकची दुसरी सीट

९ डिसेंबर

पोचलो एकदाचा. खिंडीच्या माथ्याखाली दोन खोल्या, एक कोळशाची शेगडी, मागे गॅरेज, आणि गॅरेजात माझा हिवाळ्याचा सोबती. लष्करातून निवृत्त झालेला सहाचाकी ट्रक, वयाने माझ्याहून थोडा मोठाच. नारिंगी रंगाखालून जुना हिरवा अजून डोकावतो. पुढे बर्फ लोटायचं लोखंडी पातं. बघूनच हात शिवशिवले.

ऊसोन आके (आके म्हणजे थोरला भाऊ), रस्तेखात्याचे आमचे मुकादम, खालच्या गावातून जीपने सोडायला आले होते. वाटभर टकळी चालू. म्हणाले, बेइशेन, शहरातल्या गॅरेजात म्हणे मेलेल्या गाड्या तुझा आवाज ऐकून उठून बसतात. आता या म्हाताऱ्याला मार्चपर्यंत जगवून दाखव, मग मानू. मी म्हटलं, मार्च काय, माझी नातवंडंसुद्धा हाच चालवतील. त्यावर म्हणाले, लेका, आधी मूल तर होऊ दे.

मूल होणार आहे. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर. बायको, उपोल, खिंडीपलीकडे माहेरी आहे, आणि इस्पितळ अलीकडे. पोटात मूल आडवं आहे, जानेवारीच्या पंचवीस तारखेच्या आत तिला इस्पितळात आणाच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. चोवीस तारखेला तिचा भाऊ तिला गाडीतून आणणार. त्या दिवशी खिंड उघडी असली पाहिजे. ते काम दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडवेना, म्हणून ही नोकरी मी मागून घेतली.

१३ डिसेंबर

म्हाताऱ्याची नाडी सापडली. संध्याकाळी रेडिएटरचं पाणी आठवणीने सोडून द्यायचं, नाहीतर रात्रीत बर्फ होऊन इंजिन फुटेल. सकाळी ब्लो लॅम्प पेटवून खालचं तेल शेकायचं, दोन बादल्या उकळतं पाणी ओतायचं, हँडल मारायचं. पहिल्यांदा खोकतो, शिव्या देतो, मग सुरू होतो. टायरमधली हवा केबिनमध्ये बसूनच कमीजास्त करता येते, मऊ बर्फावर कमी, कडक बर्फावर जास्त. लष्करवाल्यांचं डोकं खरंच चालत होतं. पात्याला दोन पिना आहेत. बर्फाखाली दगड लागला की पिन तुटते आणि पातं वाचतं. खाली उतरून नवी पिन ठोकायची, चार मिनिटांचं काम. गॅरेजात डबाभर पिना आहेत.

दिवसभरात तीन गाड्या गेल्या. हात करतात आणि निघून जातात. सकाळी आठला वायरलेसवर ऊसोन आके बोलतात, त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या आठपर्यंत माणसाचा आवाज नाही. मी ट्रकशी बोलायला लागलोय. तो निदान उलट उत्तर देत नाही.

१९ डिसेंबर

सीटखाली लोकरी हातमोज्यांचा जोड मिळाला. माझ्या हातांना मोठा. सकाळी ऊसोन आकेंना विचारलं, तर आधी कुठे मिळाले ते विचारून घेतलं. मग सांगितलं. माझ्याआधी इथे टोलोमुश होता, उंचापुरा, अबोल, एकटा जीव. गेल्या फेब्रुवारीत ट्रक चौदाव्या किलोमीटरच्या वळणावर सापडला. इंजिन चालू, दार उघडं, पात्याची पिन तुटलेली. टोलोमुश नाही. जूनमध्ये बर्फ वितळेपर्यंत शोधलं, काही मिळालं नाही.

दिवसभर तेच डोक्यात. आज गुरुवार. आमच्या घरी आई दर गुरुवारी तेल तापवून पोळ्या तळायची. गेलेल्यांना तेलाचा वास पोचतो, त्यावरच त्यांचं पोट भरतं. टोलोमुशसाठी कोण तळत असेल? कुणीच नाही. मग मीच सात पोळ्या तळल्या, त्याच्या नावाने दुआ म्हटली, तोंडावरून हात फिरवला. एरवी त्या पोळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायच्या. इथे शेजारी कुठला आणायचा? एक पोळी नेऊन ट्रकच्या दुसऱ्या सीटवर ठेवली. म्हटलं, ये टोलोमुश, बस. गाडी तुझीच आहे, आणि मलाही सोबत होईल.

खरं सांगायचं तर बोलायला कुणीतरी हवं होतं.

२० डिसेंबर

पोळी नाही. चुराही नाही. उंदीर असेल म्हणून स्वतःशीच हसलो. एवढ्या उंचीवर उंदीर नसतात, हे नंतर आठवलं.

२७ डिसेंबर

कालही तळल्या, कालही एक सीटवर ठेवली.

सकाळी ब्लो लॅम्प घेऊन गेलो, तर इंजिनाला हात लावला आणि मागे घेतला. गरम होतं. रेडिएटर काठोकाठ भरलेला, वाफ निघतेय. पाणी मी काल सोडलं होतं. बादलीत गोठलेलं माझ्या डोळ्यांसमोर आहे. हँडलच्या अर्ध्या फेऱ्यात म्हातारा सुरू झाला, खोकला नाही की काही नाही.

भीती वाटायला हवी होती. पण मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्यासाठी लवकर उठलं होतं.

३ जानेवारी

ड्रायव्हरची सीट रोज मागे सरकलेली असते. माझे पाय पेडलला पोचत नाहीत. रोज पुढे ओढतो. दुसऱ्या सीटची स्प्रिंग दबलेली दिसते.

आज न राहवून ऊसोन आकेंना पोळ्यांचं सांगितलं. वायरलेसवर त्यांचा एवढा आवाज कधी चढला नव्हता. म्हणाले, अरे गाढवा, मेलेल्याला वास द्यायचा असतो, घास नाही. घास जिवंत माणसाच्या तोंडात जायला हवा. वास घेऊन ते आपल्या वाटेने जातात. तू त्याला जेवायला वाढलंस, वर बस म्हणालास. जेवायला बसलेला माणूस घरचा होतो, तुला आईने एवढंही शिकवलं नाही?

शिकवलं होतं. मी एकटा होतो, आके. हे त्यांना म्हणालो नाही.

१० जानेवारी

काल गुरुवार होता. तळलं नाही. तेलाचा डबा खाली दरीत फेकून दिला.

१४ जानेवारी

तीन दिवस तापाने फणफणून पडून होतो. बाहेर वादळ. रस्ता बुजला असणार म्हणून जीव नुसता खालीवर होत होता. आज धडपडत दारात आलो, तर रस्ता साफ. दोन्ही बाजूंना बर्फाच्या सरळ भिंती. माझ्या हातूनही इतकं सरळ काम होत नाही.

वायरलेसवर ऊसोन आके खूश. म्हणाले, बेइशेन, तू तर छुपा रुस्तम निघालास. कोळशाच्या गाडीवाले सांगत होते, काल वळणावर थांबलास, हसलास, त्यांच्याकडून सिगारेट मागून ओढलीस.

मी सिगारेट ओढत नाही. काल मला उठून पाणीही घेता येत नव्हतं.

तुम्ही नक्की मलाच बघितलंत का, असं त्या गाडीवाल्यांना विचारायला सांगितलं. ऊसोन आके म्हणाले, ताप डोक्यात गेलाय तुझ्या. बेइशेनच होता म्हणाले.

१८ जानेवारी

खाली यायचं म्हटलं. ऊसोन आके म्हणाले, ये, मी जीप पाठवतो, पण बदली माणूस महिनाअखेरीशिवाय नाही. म्हणजे चोवीसला खिंड बंद.

राहतोय. उपोल आली की तिच्याच गाडीत बसून खाली जाईन. सहा दिवस काय, ढकलले की जातात.

२१ जानेवारी

सीट आज मागे नव्हती. माझ्या पायांच्या मापाला बरोबर होती. मी सरकवली नव्हती.

टोलोमुशचे हातमोजे घालून बघितले. मला ढगळ झाले नाहीत. की त्याचे हातच आता माझ्याएवढे—

नको.

२२ जानेवारी

आठ वाजता वायरलेस लावला. ऊसोन आके कुणाशी तरी बोलत होते. हसत होते. समोरून उत्तरं येत होती, माझ्या आवाजात. बेइशेन, उपोलचा निरोप आलाय, परवा सकाळी निघतेय. हो आके, म्हणाला तो, मी वाट बघतोय.

मी बटण दाबून ओरडलो. त्यांनी विचारलं, मध्येच खरखर कसली रे? तो म्हणाला, वारा आहे.

२३ जानेवारी

गुरुवार. दुपारी खोलीभर तळणीचा वास. तेल फेकलं होतं मी. शेगडीपाशी कुणी नाही, कढई तापलेली. दुआ ऐकू येत होती, हळू, व्यवस्थित. शेवटी नाव घेतलं. माझं.

माझ्या नावाने तळतोय तो.

वास आला आणि भूक गेली. तीन दिवस काही खाल्लं नव्हतं, तरी पोट भरलं. पोट भरलं म्हणून रडलो.

२४ जानेवारी

सकाळपासून वादळ. मीच चालवत होतो. मीच, माझ्या हातांनी. म्हटलं, आज हे स्टिअरिंग सोडायचं नाही.

चौदाव्या किलोमीटरला पातं अडकलं. पिन तुटली. उतरलो नसतो, पण वळणापलीकडे बर्फ पुरुषभर, आणि उपोल निघालेली. उतरलो. पिन ठोकली. चार मिनिटं—

परत आलो तर माझं दार आतून बंद. स्टिअरिंगवर मी बसलेला. माझा कोट, माझी टोपी. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पलीकडचं दार उघडं होतं. बाहेर गोठून मेलो असतो. चढलो.

दुसऱ्या सीटवरून लिहितोय. चालवतो चांगलं. वळण फोडलं, रस्ता उघडला. एवढं मात्र खरं, रस्ता त्याने उघडला.

दिवे. तिच्या भावाची गाडी. उपोल पुढेच बसलीय, शाल गुंडाळून, चेहरा सुजलाय. किती दिवसांनी—

थांबले. त्याने काच खाली केली. ती त्याला माझ्या नावाने हाक मारतेय. मी ओरडतोय. ती माझ्या अंगावरून नजर फिरवते आणि म्हणते, एकटा किती वाळलास रे.

तिच्या गाडीचा हीटर बंद पडलाय. तो म्हणतोय, तू इकडे ये, ट्रक उबदार आहे, मी वळवून तुला इस्पितळात सोडतो. भाऊ म्हणतोय, जा ताई, मी मागून येतो.

उतरू नकोस. उपोल. उतरू नकोस.

ती उतरली. पोटाला हात लावून पात्यापुढून वळसा घालून येतेय. माझ्याच दाराकडे. म्हणतेय, ही सीट तर रिकामीच आहे.

तिचा हात कडीवर. मी आतून धरलीय. एका हाताने जमत नाही, ती ओढतेय, तो हसतोय, दोन्ही हात लावायला हवेत, वही सोड—